आकडा सासऱ्यांचा, बोल सुनेला

(इंदूरच्या एका वाचक भगिनीच्या २०२५ सालच्या पत्राचा सारांश आणि त्याला तेव्हाच दिलेलं उत्तर; मुदती आणि नियम तेव्हाचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ४१. खासगी शाळेत शिक्षिका. लोकमान्य नगरात एकत्र कुटुंब: सासू-सासरे, नवरा, दीर-जाऊ, मुलं. "तुला कॉम्प्युटर येतो" म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घरातल्या सगळ्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न त्यांच्याकडे आले, ते आलेच. सासरे ७४ वर्षांचे, राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त, वर्षाची पेन्शन ४ लाख ८० हजार. नवरा पीथमपूरला नोकरीला, दिराचं छपाईचं छोटं दुकान. यंदा मुदत वाढली आणि हे काम गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्ष असं सगळीकडे पसरलं. अनंत चतुर्दशीच्या रात्री घरचे झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला गेले, या मात्र लॅपटॉपसमोर बसल्या, कारण दिराच्या दुकानाचा हिशेब त्याच संध्याकाळी हातात पडला होता.

सासऱ्यांचा रिटर्न भरताना व्याजाच्या रकान्यात पोर्टलने आपणहून २ लाख ७० हजारांचा आकडा आणला. सासरे म्हणाले, "एवढं कुठलं व्याज? बँकेची चूक आहे. साठ हजार घाल." त्यांनी साठ हजार घातले. दसऱ्यानंतर सासऱ्यांच्या मोबाइलवर आयकर विभागाचा संदेश आला, की रिटर्नमधलं व्याज आणि विभागाकडची माहिती जुळत नाही. सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "तू काय भरून ठेवलंस?" कुणी काही बोललं नाही, नवराही नाही. मग हळूहळू कळलं: तीन बँकांत एफडी आहेत, त्यातल्या काही मुदत संपल्यावरच व्याज देणाऱ्या, शिवाय पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत पैसे आहेत. बँकांत १५एच, म्हणजे व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापू नका असं सांगणारा फॉर्म, भरून दिला आहे. "टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, आणि पोस्टाचं व्याज माफच असतं," ही सासऱ्यांची खात्री. ते म्हणतात, आयकर भवनात जाऊन साहेबांना भेटून येतो. दीर म्हणतो, ओळखीचा एजंट आहे, तो सगळ्यांचं करेल आणि दादाचा कापलेला टॅक्सही बराचसा परत आणून देईल.

त्या विचारतात: "मी हे काम सोडून देऊ का? सोडलं तर 'एवढंसं तर काम होतं' म्हणतील. नाही सोडलं तर जुलै आला की पोटात गोळा येतो. आणि यात माझी चूक किती?"

ताई,

आधी त्या संदेशाचं बघू, कारण त्याला तारीख आहे. बाकीचं घरातलं आहे, ते सावकाश बोलता येईल.

तुमच्या घरात सगळे त्याला नोटीस म्हणताहेत. तुम्ही पाठवलेल्या मजकुरावरून तो तसा वाटत नाही. बँका आणि पोस्ट यांनी कळवलेला आकडा तुमच्या आकड्याशी जुळत नाही, तपासून घ्या, एवढंच त्यात म्हटलं आहे. माणसाने आपणहून दुरुस्ती करावी यासाठी विभाग असे संदेश पाठवतो. त्यातल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून सासऱ्यांच्या खात्यात शिरा. संदेश खरा असेल तर तिथे दिसेल. फोनवर कुणी ओटीपी किंवा बँकेचा पिन मागितला तर तो विभागाचा माणूस नव्हे, हे सासऱ्यांना नीट समजावून सांगा. या वयाच्या लोकांना अशाच भीतीच्या दिवसांत गाठलं जातं.

हा रिटर्न २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा आहे, म्हणजे रिवाइज्ड (दुरुस्त केलेला) रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतो. त्यासाठी वेगळी फी नाही. भरल्यावर ३० दिवसांच्या आत तो पुन्हा व्हेरिफाय करावा लागतो, हे विसरू नका. ३१ डिसेंबर उलटला तर अपडेटेड रिटर्नचा रस्ता उरतो, पण त्यात कर आणि व्याजावर आणखी निदान २५ टक्के जास्तीचे भरावे लागतात. आयकर भवनात जाऊन साहेबांना भेटण्याचे दिवस आता राहिले नाहीत. रिटर्नची छाननी बंगळूरच्या केंद्रात होते, इंदुरात व्हाइट चर्चजवळच्या आयकर भवनात कुणी ओळखीचं असलं तरी तो आकडा तिथे बदलत नाही. सासऱ्यांना तेवढा उन्हातान्हाचा हेलपाटा पडू देऊ नका.

आता तुमचेच आकडे घेऊन बघू. पेन्शन ४,८०,००० आणि व्याज २,७०,०००, मिळून ७,५०,०००. तुम्ही लिहिलंय की रिटर्न नव्या कर पद्धतीत भरला होता. तीत पेन्शनरांना २०२४-२५ साठी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. राहिले ६,७५,०००. त्या वर्षासाठी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करात पूर्ण सूट) आहे, म्हणजे कर शून्य. पूर्ण व्याज दाखवूनही शून्य! घरात ज्यावरून एवढं वादळ उठलं, त्या दुरुस्तीत सासऱ्यांना बहुधा एक रुपयाही भरावा लागणार नाही. जुन्या पद्धतीत हेच गणित वेगळं झालं असतं. तिथे ज्येष्ठांना व्याजावर कलम ८०टीटीबीखाली ५०,००० ची सूट मिळते खरी, पण या आकड्यांवर सेससकट चाळीस हजारांच्या वर कर आला असता. म्हणून दोन्ही पद्धतींत हिशेब करून बघायची सवय घरात लावायला हवी.

'बहुधा' म्हणण्याला कारण आहे. ७ लाखांच्या रेषेपर्यंत फक्त २५,००० ची जागा शिल्लक आहे. अजून एखादं पासबुक कपाटातून निघालं, तर ती भरून जाईल. शिवाय सासूबाईंच्या नावावरच्या एफडीचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. त्यात सासऱ्यांनी दिलेले पैसे असतील, तर त्या एफडीचं व्याज कायद्याने सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यांच्या स्वतःच्या, माहेरून आलेल्या किंवा साठवलेल्या पैशाचं असेल तर ते त्यांचंच. सुनेच्या नावाने ठेवलेल्या रकमेलाही हाच नियम आहे, तेव्हा उद्या कुणी "थोडे तुझ्या नावावर ठेवू" म्हणालं तर त्याने कर वाचत नाही, हे माहीत असू द्या. या एका प्रश्नासाठी, आणि यंदा एकदाच, एखाद्या सीएंना फी देऊन तासभर बसणं मला योग्य वाटतं.

आता तुमचा प्रश्न: चूक किती?

पोर्टलने आणलेला आकडा तुम्ही बदललात, एवढी ती तुमची. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे: "मला तेव्हाच वाटलं होतं, पण विचारणार कसं?" सगळं दुखणं मला त्या ओळीत दिसतं. सासऱ्यांच्या पैशाबद्दल सुनेने दुसऱ्यांदा विचारलं, की तिचा डोळा त्या पैशावर आहे असा अर्थ काढला जाईल, ही धास्ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुमच्याकडे काम दिलं, पासवर्ड दिला, दोषही दिला. विचारायचा अधिकार तेवढा दिला नाही. तो नसेल तर कुणालाही हे काम नीट करता येणार नाही, मग तो कितीही शिकलेला असो. तुम्हाला वाटतं तुमचा वैताग पोर्टलवर आहे. पोर्टलही त्रास देतं, नाही असं नाही. मध्येच बाहेर फेकतं, ओटीपी उशिरा येतो, आणि यंदा तर ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली आणि त्या शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. पण हे सगळं उद्या सुरळीत चाललं तरी तुमच्या पोटातला गोळा जाणार नाही, असं मला तुमचं पत्र दोनदा वाचून वाटलं.

आणि सासरे? त्यांनी लपवलं, असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. त्यांचा साठ हजारांचा आकडा कुठून आला असेल ते बघा. ज्या एफडीचं व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होतं, तेवढंच ते मोजत असावेत, कारण तेच त्यांच्या हाती येतं. मुदतीअखेर एकदम रक्कम देणाऱ्या एफडीत व्याज दरवर्षी वाढत असतं, पासबुकात मात्र उमटत नाही. बँक ते दरवर्षी विभागाला कळवते. म्हणून पोर्टलवरचा आकडा मोठा आणि त्यांच्या मनातला लहान. हे व्याज दरवर्षी दाखवत गेलेलं बरं, नाहीतर मुदत संपली की एकाच वर्षात सगळं अंगावर येतं.

पोस्टाचंही तसंच. पीपीएफचं व्याज करमुक्त असतं, ते ऐकून अनेक ज्येष्ठ पोस्टातल्या सगळ्याच व्याजाला माफ समजतात. सीनियर सिटिझन योजना आणि मासिक प्राप्ती योजना यांचं व्याज करपात्र आहे. आणि १५एच म्हणजे करमाफी नव्हे. "माझ्या या वर्षीच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो, म्हणून टीडीएस कापू नका," असं बँकेला दिलेलं ते लेखी निवेदन आहे. तुमच्या आकड्यांवरून ते त्यांनी दिलं यात गैर दिसत नाही. पण टीडीएस न कापलेलं व्याजही रिटर्नमध्ये यायलाच हवं. ही समजूत फक्त तुमच्या सासऱ्यांची नाही. इंदूरच्या किती घरांत हेच वाक्य ऐकू येत असेल, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने अजून. नोकरी संपली, घराचे निर्णय मुलांकडे गेले, मोबाइलसुद्धा दुसऱ्याला विचारून वापरावा लागतो. एफडीच्या पावत्या ही त्या माणसाकडे उरलेली शेवटची खासगी गोष्ट असते. त्या कुणाला न दाखवण्याचा त्यांना हक्क आहे. मात्र न दाखवता, त्यांचा रिटर्न तुम्ही बिनचूक भरावा ही अपेक्षा त्यांना ठेवता येणार नाही. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले ते चुकलंच, त्याला मी मुलामा देणार नाही.

सोडायचं की नाही, याकडे येते. एजंटचा पर्याय मी पहिल्यांदा बाजूला काढते, आणि ठामपणे. "कापलेला टॅक्स परत आणून देतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. परतावा मिळतो तो जास्त कापला गेला असेल तरच. एरवी तो खोट्या वजावटी दाखवून काढला जातो: राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेला औषधोपचार. १४ जुलै २०२५ रोजी विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशाच प्रकरणांची तपासणी केली. त्या वेळी विभागाने सांगितलं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतः मागे घेतले. हे एजंट रिटर्न भरताना स्वतःच तयार केलेला तात्पुरता ईमेल देतात आणि नंतर तो सोडून देतात. विभागाची पत्रं तिकडे जात राहतात, करदात्याला पत्ताच नसतो. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, आणि तो एजंट भरत नाही. तुमच्या मिस्टरांची पीथमपूरची नोकरी, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचं कंपनीचं प्रमाणपत्र), सगळं सरळ आहे. त्यांनी त्या भानगडीत कशाला पडायचं? दिरांनाही हेच सांगा. त्यांच्या दुकानाचं सीएंकडेच द्यावं. धंद्याचा हिशेब तुम्ही करणं मुळातच रास्त नाही, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः फी भरावी.

पूर्ण सोडून देणं हाही पर्याय आहे आणि तो निवडलात तर त्यात काही वाईट नाही. "एवढंसं तर काम होतं" म्हणणाऱ्याला ते काम द्यावं, म्हणजे केवढं आहे ते कळेल. पण तुमच्या पत्रावरून असं वाटलं, की तुम्हाला आकड्यांचा कंटाळा नाही. जुळलेला हिशेब तुम्हाला आवडतो. तसं असेल तर काम ठेवा, जबाबदारी परत करा.

म्हणजे काय, ते सांगते. यापुढे कुणाचाही रिटर्न तो माणूस शेजारी बसल्याशिवाय उघडायचा नाही. पासवर्ड त्याच्या वहीत, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि शेवटचं व्हेरिफिकेशन त्याने स्वतः वाचून करायचं. कायदाही त्यालाच जबाबदार धरतो. आधारला जुना नंबर जोडलेला असेल तर हिवाळ्यातच आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, ऐन मुदतीत नको. आधी एआयएस, म्हणजे पोर्टलवरचं विभागाकडच्या माहितीचं वार्षिक पत्रक, उघडायचं, मग रिटर्न. एआयएसमध्ये त्या पॅनवर नोंदलेलं व्याज, लाभांश, शेअरची विक्री सगळं दिसतं. संयुक्त एफडीचं व्याज सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर येतं, तेही तिथेच कळतं. एखादी नोंद खरोखर चुकीची असेल, तर तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे. म्हणून घरात एकच नियम ठेवा: एआयएसमधला आकडा कमी करायचा असेल तर बँकेचा कागद दाखवायचा. हा नियम सासऱ्यांना, दिराला, नवऱ्याला, सगळ्यांना सारखा. मग सुनेने विचारलं असं होत नाही, नियमाने विचारलं असं होतं.

एप्रिल-मेमध्ये घाई करू नका. फॉर्म १६ मिळायला १५ जूनपर्यंतची मुदत असते आणि एआयएसही त्या सुमारास भरत जातं. जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा पहिला, एवढ्यात घरातल्या नोकरदार आणि पेन्शनरांचं उरकतं. प्रत्येक बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मात्र एप्रिलमध्येच मागून ठेवा. त्या त्या माणसाने आणायचं, तुम्ही नाही. पुढच्या वर्षापासून सासऱ्यांची काळजी आणखी हलकी होईल, कारण २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत रिबेटची मर्यादा १२ लाख झाली आहे. कर शून्य आला तरी त्यांनी रिटर्न भरायचाच आहे, हे लक्षात असू द्या. आणि ते पंचाहत्तरीचे झाल्यावर एक सवलत आहे: पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच निर्दिष्ट बँकेतून येत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर निवेदन दिल्यावर बँकच कर कापते, रिटर्नची गरज राहत नाही. तीन बँका आणि पोस्ट असताना ती मिळणार नाही. एफडी एकत्र आणायच्या की नाही, हा त्यांचा निर्णय. तुम्ही फक्त माहिती द्या.

तुमच्या स्वतःच्या रिटर्नबद्दल पत्रात अर्धी ओळ आहे: "माझा १६ तारखेला रात्री कसाबसा टाकला." ताई, तोही उघडा. शाळेच्या फॉर्म १६ शी ताडून बघा. काही राहिलं असेल तर तुमच्यासाठीही ३१ डिसेंबरच आहे.

राहता राहिला एक माणूस, ज्याच्याबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलं नाहीत. तुमचे मिस्टर त्या संध्याकाळी गप्प का राहिले, हे त्यांना विचारलंत का? वडिलांच्या पैशाबद्दल बोलणं त्यांनाही जड जात असेल. पण ते मुलगा आहेत, आणि तुम्हाला जो अधिकार मिळाला नाही तो त्यांच्याकडे जन्मतः आहे. सासऱ्यांशी हे बोलणं त्यांनीच काढायला हवं, तेही सगळ्यांसमोर नाही, वडिलांना एकटं गाठून. सरळ सांगायचं: बाबा, बँकेचा आकडा बरोबर निघाला, मुदत संपल्यावर मिळणारं व्याज आणि पोस्टाचं व्याज त्यात धरलंय. कर बहुतेक शून्यच येतोय. सगळ्या पावत्या काढा, मी तुमच्याबरोबर बसतो. आणि त्या दिवशी तिला बोललात, त्यात तिची चूक नव्हती. हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून जायला हवं, तुमच्या नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हे बोलणं झालं नाही, तर वाट बघू नका. उपलब्ध कागद आणि एआयएसची प्रत घेऊन मिस्टरांनी सासऱ्यांना सीएंकडे न्यावं. शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर गर्दी असते, तिथपर्यंत नेऊ नका.